उजनीच्या गाळातले जड धातू: मूळ पातळी कोणती धरायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी. प्रबंधासाठी उजनी धरणाच्या गाळावर काम करतेय. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी मुळा-मुठा, इंद्रायणी, भीमा असं करत शेवटी इथेच येऊन थांबतं. ११७ टीएमसीच्या या धरणात जवळपास ६४ टीएमसी मृतसाठाच आहे, त्यामुळे तळाला बसलेला गाळ सहसा बाहेर जात नाही. नमुने उन्हाळ्यात, धरण मायनसमध्ये गेल्यावर घेतले: दौंडच्या खालच्या अंगाला, भिगवण-पळसदेवच्या पट्ट्यात आणि भिंतीजवळ.

पळसदेवजवळ पाइप ठोकून काढलेल्या गाभ्यात वर मऊ, काळाकुट्ट, सडक्या अंड्यासारखा वास येणारा गाळ आहे. खाली एका रेषेवर तो संपतो आणि घट्ट काळी माती लागते. तिच्यात जुन्या मुळांचे धागे आणि चुनखडीचे पांढरे खडे दिसतात. १९८० मध्ये धरण झालं, त्याआधीचं हे शेत असणार.

आता अडचण. मूळ पातळी, म्हणजे प्रदूषणाआधीचं धातूंचं नैसर्गिक प्रमाण, म्हणून बहुतेक शोधनिबंधांत शेल या गाळाच्या खडकाची जागतिक सरासरी धरतात (तांबं ४५, क्रोमियम ९०, निकेल ६८ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत इतके भाग). तसं धरून जिओअॅक्युम्युलेशन इंडेक्स (मूळ पातळीपेक्षा धातू किती साचला ते सांगणारा आकडा; शून्याच्या वर म्हणजे प्रदूषण) काढला, तर तांबं सगळीकडे शून्याच्या वर जातं, अगदी त्या तळच्या शेतातल्या मातीतसुद्धा! त्या मातीला कुठल्या कारखान्याचं पाणी लागलं असेल? आपल्या बेसाल्टमध्येच तांबं भरपूर असतं, हे त्याचं कारण असावं असं मला वाटतं. याउलट शिसं, जस्त, कॅडमियम फक्त वरच्या थरात आणि दौंडच्या बाजूलाच चढलेलं दिसतं. खरं प्रदूषण तिथे आहे. पण शेलच्या तक्त्यात तांबंच गुन्हेगार ठरतं.

माझे प्रश्न:
त्या जुन्या मातीलाच मूळ पातळी धरलं तर परीक्षक मान्य करतील का? एनरिचमेंट फॅक्टरसाठी (एखाद्या संदर्भ धातूने भागून धातू मूळ पातळीच्या किती पट झाला ते काढतात) भाजक म्हणून लोह घ्यावं की अॅल्युमिनियम? आमच्याकडे एचएफची (हायड्रोफ्लोरिक आम्लाची) सोय नाही, नमुन्यांचं पचन, म्हणजे आम्लात विरघळवणं, अॅक्वा रेजियात (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात) केलंय. आणि तिथले शेतकरी विचारतात, "ताई, हा गाळ शेतात टाकावा का?" त्यांना काय सांगू?

प्रतिसाद

ताई, जुनी माती धरा, बिनधास्त. दौंडच्या वरचं भीमेचं सगळं पाणलोट दख्खनच्या बेसाल्टवर आहे, त्यामुळे ती पातळी शेलपेक्षा कितीतरी जवळची. फक्त एका गाभ्यावर भिस्त नको, आणखी दोन-तीन ठिकाणी तोच थर गाठा. गाळ आणि माती दोन्ही ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून काढून मगच तुलना करा, नाहीतर बारीक कणांचा फरक प्रदूषण म्हणून दिसेल. शेलचा तक्ताही शेजारी द्या, परीक्षकांना फरक आपोआप कळेल.

लोह नको. बेसाल्टमुळे ते मुळातच जास्त असतं, आणि प्राणवायू नसलेल्या गाळात विरघळून जागा बदलतं. अॅल्युमिनियम घ्या, पण अॅक्वा रेजियात सिलिकेट (मातीतली मुख्य खनिजं) पूर्ण विरघळत नाही, म्हणून काही नमुने एक्सआरएफवर (नमुना न विरघळवता क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर) एकूण प्रमाणासाठी तपासा. शेलचे आकडे एकूण प्रमाणाचे असतात, त्यांच्याशी अॅक्वा रेजियाचे आकडे थेट लावू नका.

शेतकऱ्यांना एकूण पीपीएमवरून हो किंवा नाही सांगू नका. तळाच्या गाळात धातू सल्फाइडच्या (गंधकाशी जोडलेल्या) रूपात अडकलेले असतात. गाळ उन्हात वाळला, हवा लागली की त्यातले काही सुटे होतात. चुनखडीची माती त्यांना बरंचसं धरून ठेवते, तरी कॅडमियम पालेभाजीत सहज चढतं. म्हणून बीसीआर पद्धतीने टप्प्याटप्प्याने निष्कर्षण करा, म्हणजे वेगवेगळ्या रसायनांनी पाळीपाळीने धातू सोडवून ते किती घट्ट अडकलेत ते पाहा. पहिल्याच, अॅसिटिक आम्लाच्या टप्प्यात कॅडमियम, जस्त किती सुटतं ते पाहा. वाळवलेल्या गाळाची डीटीपीए चाचणीही (पिकाला मिळू शकेल इतका धातू मोजणारी) करा. तोवर दौंडकडचा गाळ भाजीपाल्याच्या रानात टाकू नये, एवढं आजच सांगता येईल.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार, सर! पळसदेवच्या गाभ्याचा अर्धा भाग पिशवीत हवा न ठेवता गोठवलेला आहे. बीसीआरसाठी तो तसाच ओला वापरायचा, की नायट्रोजनखाली वाळवून घ्यायचा? आणि पुणे किंवा सोलापुरात विद्यार्थ्यांना परवडेल अशा दरात एक्सआरएफ कुठे करून मिळेल, कुणाला माहीत असेल तर कृपया इथेच कळवा.