युरोपात तांब्याच्या तारा बंद करायची तारीख कायद्याने ठरवावी का?

स्टुटगार्टकर
युरोपीय आयोगाने फेब्रुवारी 2024 च्या श्वेतपत्रिकेत सुचवलं होतं की 80 टक्के ग्राहक 2028 पर्यंत आणि उरलेले 2030 पर्यंत तांब्याच्या टेलिफोन-तारांवरून फायबरवर, म्हणजे काचेच्या तंतूंच्या जोडणीवर न्यावेत. माझं ठाम मत आहे की अशी तारीख कायद्यातच हवी. ती नसली की काय होतं ते जर्मनीत दिसतं. 1981 मध्ये हेल्मुट श्मिट यांच्या सरकारने देशभर फायबर टाकायचं ठरवलं होतं. पुढे कोल सरकारने टीव्हीच्या केबलला प्राधान्य दिलं. त्यानंतर कित्येक वर्षं तांब्यातूनच आणखी थोडा वेग पिळून काढण्यात गेली, आणि तरीही रस्त्यावरच्या पेटीपासून घर लांब असलं की तो वेग उतरतोच. 2023 अखेर फायबर स्पेनमध्ये सुमारे 95 टक्के घरांपर्यंत पोचलं होतं, जर्मनीत जेमतेम 30. आमच्या गल्लीत फायबर येऊनही निम्मे शेजारी घेत नाहीत, कारण जुनं चालतंय. दोन जाळी पोसायचा खर्च आपल्याच बिलात येतो.

लंडनची माई
मला हे पटत नाही. तांब्याच्या फोनला एक्स्चेंजमधूनच 48 व्होल्टचा पुरवठा असायचा, घरातली वीज गेली तरी फोन लागायचा. फायबरची पेटी घरच्या विजेवर चालते. ब्रिटन आता युरोपीय संघात नाही, पण इथला अनुभव बघा. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यात फोनच्या लाइनवरून मदत बोलवायचं बटण असतं. इंटरनेटवरून चालणाऱ्या डिजिटल लाइनवर ते चालेनासं झाल्याच्या गंभीर घटना घडल्या, आणि जुनी फोनसेवा बंद करायची डिसेंबर 2025 ची मुदत जानेवारी 2027 वर गेली. माझ्या शेजारच्या आजी 84 वर्षांच्या आहेत. कंपनीचा माणूस लाइन बदलून गेला, बटण चालतं का हे बघितलंच नाही. मी दाबून बघितलं, पलीकडे कुणीच नाही. तारखेच्या घाईत अशी माणसं सुटतात.

माद्रिदवासी
माई, 28 एप्रिल 2025 ला स्पेन-पोर्तुगालची वीज गेली तेव्हा मी घरीच होतो. फायबर बंद, काही तासांत मोबाइलही गेला. तुमची काळजी खरी आहे. पण तांबं ठेवून ती मिटत नाही, कारण बहुतेक घरांत कॉर्डलेस फोन असतो आणि त्यालाही वीज लागतेच. पेटीला बॅटरी द्या, टॉवरना जास्त तासांची द्या. स्पेनने तांब्याची उरलेली एक्स्चेंजं 2025 मध्ये बंद केली, माझ्या मते ते योग्यच झालं.

ऱ्हाईनकाठ
तारीख कोण वापरणार, हा माझा प्रश्न आहे. तांबं बंद करायचा प्रस्ताव ते ज्याच्या मालकीचं आहे ती कंपनीच मांडते. स्वतःचं फायबर असेल तिथे ती तांबं लवकर बंद करेल, प्रतिस्पर्ध्याने फायबर टाकलं असेल तिथे तेच तांबं रेटत राहील. दोन्हीकडे एकच नियम हवा, नाहीतर तुमची तारीख बड्या कंपनीच्याच कामी येईल.

स्टुटगार्टकर
हे मान्य, माझ्या लिहिण्यात ते सुटलं होतं. फ्रान्सची पद्धत मला बरी वाटते. तिथे गावागावाने बंद होतं, आधी पूर्वसूचना, मग नव्या जोडण्या थांबतात आणि शेवटी तार बंद. पण 2030 हे साल त्यांनीही ठरवलेलंच आहे. ते नसतं तर गावं हललीच नसती.

लंडनची माई
मग त्या यादीत आणखी एक पायरी घाला: घरी जाऊन बटण दाबून बघायचं, आणि पलीकडून आवाज आल्यावरच जुनी तार तोडायची.