मुंबईहून पारोला थेट विमान का नाही?

मुलुंडकर यांचा प्रश्न:
दिवाळीच्या सुट्टीत आई-वडिलांना भूतानला नेण्याचा विचार आहे. दोघेही सत्तरी ओलांडलेले असल्यामुळे उत्तर बंगालमधील बागडोगऱ्याला उतरून जयगाव-फुन्त्शोलिंग या सीमेवरच्या गावांमार्गे दिवसभर घाटातून मोटारीने जाण्यापेक्षा थेट पारो विमानतळावर उतरलेले बरे, असे वाटते. पारोला दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी येथून विमाने आहेत, परंतु मुंबईहून थेट विमान मिळत नाही. अंतर एकोणीसशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबई-गुवाहाटीहूनही कमी आहे. मग अडचण नेमकी विमानाची, धावपट्टीची की प्रवासीसंख्येची?

विमानवेध:
अंतराचा आपला हिशेब बरोबर आहे. ड्रुकएअर आणि भूतान एअरलाइन्स या भूतानच्या दोन्ही विमान कंपन्यांची एअरबस ए३१९ विमाने एवढा पल्ला सहज गाठतात. प्रश्न आहे तो पारोहून निघताना किती वजन उचलता येते हा. तो विमानतळ समुद्रसपाटीपासून २,२३५ मीटर उंचीवर असून धावपट्टी जेमतेम २,२६५ मीटर लांब आहे. आपल्या मुंबईची मुख्य धावपट्टी समुद्रसपाटीजवळ असूनही तिच्या सुमारे दीडपट आहे. इतक्या उंचीवर हवा साधारण वीस टक्के विरळ असते, त्यामुळे उड्डाणासाठी अधिक वेग लागतो आणि इंजिनांची ताकदही घटते. शिवाय उड्डाणाच्या वेळी एक इंजिन बंद पडले तरी दुसऱ्याच्या बळावर भोवतालचे डोंगर पार करता येतील, एवढेच वजन घेऊन निघावे लागते. पल्ला वाढला की इंधन वाढते आणि ते प्रवाशांच्या किंवा सामानाच्या वाट्यातून वजा होते. सिंगापूर-बँकॉककडे जाणारी कित्येक विमाने म्हणूनच बागडोगरा किंवा गुवाहाटीला थांबतात. पारोहून हलके निघायचे, सपाटीवर इंधन भरून घ्यायचे आणि तेथील प्रवासीही घ्यायचे. या थांब्यांना काही जण गैरसोय मानतात. माझ्या मते एवढ्या लहान देशाची विमानसेवा त्यांच्यामुळेच तग धरून आहे.

१९८३ मध्ये ड्रुकएअरची पारो-कोलकाता सेवा डॉर्निअर २२८ या छोट्या विमानाने सुरू झाली. पुढे चार इंजिनांचे बीएई १४६ आले, २००४ मध्ये ए३१९ आणि २०२० मध्ये ए३२० निओ. मोठे विमान घेण्याचा मोह पारोच्या अरुंद दरीत परवडत नाही. त्यातच ताफा मोजक्या विमानांचा आणि उड्डाणे फक्त दिवसाउजेडी. त्यामुळे एक विमान मुंबईला पाठवायचे, तर दिल्ली किंवा काठमांडूची फेरी सोडावी लागेल, आणि आपल्याकडची गर्दी मुख्यतः मे महिन्यात व दिवाळीतच असते.

बोरिवली पूर्व:
आम्ही दिल्लीमार्गे गेलो होतो. जाताना डावीकडची खिडकी मागून घ्यावी. आकाश स्वच्छ असेल तर एव्हरेस्ट दिसते. उतरतानाचा अखेरचा टप्पा वैमानिक दरी डोळ्यांनी पाहतच पूर्ण करतो. विमान कलून वळत असताना डोंगरउतारावरच्या घरांच्या रंगीत लाकडी खिडक्या पंखाच्या पातळीवर दिसतात, आणि पंख सरळ होतात न होतात तोच चाके टेकतात. आई-वडिलांना याची आधीच कल्पना द्यावी, म्हणजे ते घाबरणार नाहीत.

मुलुंडकर:
दोघांचेही मनापासून आभार. पारोहून परतल्यावर त्याच संध्याकाळचे मुंबईचे विमान धरावे का?

विमानवेध:
धरू नये. दुपारनंतर दरीत वारा जोर धरतो, म्हणून बहुतेक उड्डाणे सकाळीच उरकतात, आणि ढग उतरले तर तीही खोळंबतात. दोन स्वतंत्र तिकिटे असतील, तर पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. दिल्लीत किंवा कोलकात्यात एक रात्र मुक्काम करावा. वडीलधाऱ्यांना विश्रांतीही मिळेल.

बोरिवली पूर्व:
पासपोर्ट नसेल तर भारतीयांना मतदार ओळखपत्रावर प्रवेश मिळतो. मात्र दर रात्री माणशी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क (भूतान सरकार पर्यटकांकडून घेते तो कर) भरावे लागते, ते खर्चात आधीच धरावे.