कुंडीतले ब्रह्मकमळ हिमालयातले नव्हे

रात्री उमलणारे आपले ब्रह्मकमळ हिमालयातून आले, या समजुतीत दुरुस्ती हवी. उत्तराखंडाचे राज्यपुष्प असलेले खरे ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातील आहे. आमच्या नागपुरात पावसाळ्यात गच्चीवर फुलणारे रोप मात्र मेक्सिको व मध्य अमेरिकेतील निवडुंग असून, ज्यांना आपण पाने समजतो ती त्याची चपटी झालेली खोडे असतात, म्हणूनच त्यांच्या कडेच्या खाचांतून कळी फुटते आणि तुकडा मातीत खोचला तरी नवे रोप धरते. मे महिन्यातल्या इथल्या उन्हात ते हिरव्या जाळीखालीच टिकते.

त्याचा पांढरा रंग आणि दरवळ निशाचर पतंगांसाठी असतो. निरांजन घेऊन उभे राहणारे आपण बिनबोलावलेले पाहुणे. चिनी भाषेत क्षणिक वैभवाला याच फुलाची उपमा देतात, आपल्याकडे मात्र ते फुलणे शुभशकुन मानतात. चीनमध्ये ही फुले सुपातही घालतात.

औषधी गुणांबाबत सावध राहावे. होमिओपॅथीत हृदयविकारासाठी सांगितला जाणारा ‘कॅक्टस ग्रँडिफ्लोरस’ हा रात्रीच फुलणारा, पण निराळा निवडुंग आहे, तेव्हा त्याचे गुण आपल्या कुंडीतल्या रोपाला चिकटवून घरी काढे करू नयेत.