मदत हवी आहे: घरात स्फिंक्स मांजरी यायची आहे आणि आईला मांजरांची अ‍ॅलर्जी आहे

नमस्कार. आम्ही टोरांटोत राहतो. ओळखीचं एक कुटुंब ऑक्टोबरात देश सोडून चाललंय. त्यांची चार वर्षांची स्फिंक्स मांजरी आम्ही घ्यावी, असं त्यांना फार वाटतं. माझ्या मुलीचा तर तिच्यावर जीव जडलाय. अडचण अशी की नोव्हेंबरात माझी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी येतेय. तिला दमा आहे आणि मांजर जवळ आलं की शिंका थांबत नाहीत. देणारे म्हणतात, अंगावर केसच नाहीत तर त्रास कसला?

ही जात इथलीच. १९६६ साली टोरांटोत एका साध्या मांजरीला बिनकेसांचं पिल्लू झालं. तो वंश पुढे टिकला नाही. आजच्या स्फिंक्स १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटात आणि टोरांटोत जन्मलेल्या पिल्लांपासून आल्या. एवढं वाचलंय, पण मला रोजचं जाणून घ्यायचंय. अंघोळ किती वेळा घालायची? इथल्या थंडीत काय करता? आणि आईचं काय?

प्रतिसाद १

ताई, आधी आईंचं. अ‍ॅलर्जी केसांची नसतेच. मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या तेलग्रंथींत एक प्रथिन असतं, त्रास त्याचा होतो. स्फिंक्सही दिवसभर अंग चाटते. शिवाय तेल शोषायला केस नाहीत, त्यामुळे ते थेट सोफ्यावर, उशीवर, आपल्या हातांवर उतरतं. दम्याच्या माणसावर हा प्रयोग करू नका. आई परत गेल्यावर मांजरी आणा, असंच मी म्हणेन.

अंघोळ साधारण आठवड्यातून एकदा. कोमट पाणी, मांजरांसाठीचा सौम्य शाम्पू, आणि लगेच टिपून कोरडं करायचं. उगाच जास्त वेळा घातली तर कातडी कोरडी पडते. कानांत काळपट मळ साचतो, नखांच्या मुळाशीही तेलकट थर बसतो; तेही पुसावं लागतं. आमच्याकडे चादरी सतत धुवायला पडलेल्या असतात, त्याची तयारी ठेवा.

थंडीत सुती स्वेटर चालतो, पण तोही वारंवार धुवा. हीटरला चिकटून बसू देऊ नका, कातडी भाजते. उन्हाळ्यात खिडकीतल्या कडक उन्हाचंही तेच. अंगातली ऊब टिकत नाही म्हणून या मांजरी खातात भरपूर, तेव्हा वाटीत हात आखडता घेऊ नका.

प्रतिसाद २

हृदयाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. या जातीत हृदयाच्या स्नायूची भिंत जाड होण्याचा आजार बराच आढळतो. मांजर खेळतं-खातं, वरून काही दिसत नाही, कधीकधी स्टेथोस्कोपनेही कळत नाही. त्यासाठी इकोच (हृदयाची सोनोग्राफी) करावा लागतो, आणि तोही ठरावीक काळाने पुन्हा. चार वर्षांची आहे म्हणजे आधीचे रिपोर्ट असायला हवेत, ते मागून घ्या. रक्तगटही विचारा. स्फिंक्समध्ये बी गट बऱ्यापैकी सापडतो, आणि चुकीच्या गटाचं रक्त दिलं तर जिवावर बेततं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. इकोचे रिपोर्ट आजच मागते. आई असेपर्यंत मांजरी आणायची नाही, हे आता नक्की. ऑक्टोबर ते मे तिला सांभाळेल असं टोरांटोच्या आसपास कुणी मराठी घर आहे का? खाण्याचा आणि डॉक्टरांचा सगळा खर्च आम्ही देऊ. कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.