'तू म्हणजे खमंग हिमालय!' : यंत्रांनी केलेल्या अचाट कौतुकाचे अनुभव

१९५२ साली मँचेस्टर विद्यापीठातल्या संगणकाकडून ख्रिस्तोफर स्ट्रॅची यांनी चक्क प्रेमपत्रं लिहून घेतली. विशेषणं, नामं, क्रियापदं यांच्या याद्या; यंत्राने चिठ्ठी उचलावी तसा शब्द उचलायचा आणि ठरलेल्या साच्यात बसवायचा. पत्राखाली सही 'एम. यू. सी.', म्हणजे मँचेस्टर युनिव्हर्सिटी कॉम्प्युटर! मला ही पत्रं फार आवडतात. व्याकरण चोख, जीव ओतलेला, आणि अर्थाचा पत्ता नाही. तुमच्या वाट्याला असं कौतुक आलं असेल तर इथे लिहा. वाक्य जसंच्या तसं आठवत असेल तर उत्तमच.

सातवीचा वर्गशिक्षक, अहिल्यानगर जिल्हा

गेल्या वर्षी शाळेतल्या संगणकावर मुलांकडून असाच प्रोग्राम करून घेतला. साचा एकच, 'तू म्हणजे अमुक तमुक!' ४० विशेषणं, ४० नामं. म्हणजे १६०० कौतुकं. पहिल्याच फटक्यात पडद्यावर आलं, 'तू म्हणजे शहाणा कुरडई!' मागच्या बाकावरची एक मुलगी ताडकन उभी राहिली, "सर, कुरडई 'ती' असते!"

विकारी-अविकारी विशेषणं मी कितीदा फळ्यावर शिकवली असतील. त्या दिवशी मुलांनी आपणहून यादी चाळायला घेतली. 'शहाणा', 'मोठा', 'हिरवा' बाहेर. 'प्रामाणिक', 'खमंग', 'निर्भय', 'कुरकुरीत' आत, कारण पुढे नाम कुठल्याही लिंगाचं येवो, ती बदलत नाहीत. मग काय, 'खमंग हिमालय', 'प्रामाणिक कुरडई', 'कुरकुरीत सरपंच'! एकेकाचं नाव घेऊन बटण दाबायचं आणि सगळा वर्ग पोट धरून हसायचा. कुणालाच वाईट वाटलं नाही. यंत्र कुणाला ओळखतच नव्हतं ना! पहिला नंबर काढणाऱ्याला आणि रोज उशिरा येणाऱ्याला सारखंच भरभरून मिळत होतं. वर्गात सहसा तोंड न उघडणाऱ्या एका मुलाला 'निर्भय उंबरठा' आलं. त्याने ते वहीच्या कव्हरवर, नावाच्या खाली, लाल स्केचपेनने लिहिलं. वर्ष संपेपर्यंत होतं.

डोंबिवली

आमची आजी मोबाइलवर इंग्रजी शिकते. एकदा सलग दहा उत्तरं बरोबर आली आणि पडद्यावर झळकलं, 'तुम्हाला आग लागली आहे!' इंग्रजीतली शाबासकी शब्दाला शब्द ठेवून मराठीत उतरलेली. आजीने आधी गॅस बघितला, मग स्वतःचा पदर. आता घरात कुणी काही चांगलं केलं की आम्ही हेच म्हणतो. परवा माझी पुरणपोळी न फाटता उलटली, तर आजी म्हणाली, "बाई, तुला आग लागली गं!"

बंगळुरू

गूगलने २०१५ मध्ये ईमेलला तयार उत्तरं सुचवणारी सोय आणली. तिची आधीची चाचणी आवृत्ती वाटेल त्या पत्राला 'आय लव्ह यू' सुचवायची, हे त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. कारण असं की लोकांच्या उत्तरांत वारंवार येणारी वाक्यं कुठेही खपून जातात. खात्री नसली की यंत्र तिकडे वळतं. लग्नाच्या मांडवात काय बोलावं सुचेना की आपण नाही का म्हणत, 'छान झाला हो कार्यक्रम'!

कोल्हापूर

दूध करपलेलं पातेलं कसं घासू, असं चॅटबॉटला विचारलं. उत्तराची सुरुवात, 'तुमच्या प्रश्नातून विचारांची विलक्षण खोली जाणवते.' मी आणि जाऊबाई पातेलं घासता घासता हसत होतो. पण सारखं असंच यायला लागल्यावर मला ते नकोसं झालं. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीत केलेला एक बदल काही दिवसांतच मागे घेतला, कारण ते अती खुशामत करायला लागलं होतं. कुरकुरीत सरपंच कुणाला फसवत नाही. ही गुळगुळीत स्तुती मात्र हळूहळू खरी वाटायला लागते.

धागाकर्ती

कोल्हापूरच्या ताई, अगदी बरोबर. फॉग आणि नास या संशोधकांनी १९९७ मध्ये हेच दाखवलं होतं. संगणकाच्या शाबासकीचा आपल्या कामाशी काही संबंध नाही, हे आधी सांगूनही लोकांना ती ऐकून बरं वाटलं.

ठाणे

सर, तुमचं वाचून काल घरी चिठ्ठ्या केल्या. एका वाटीत विशेषणं, दुसरीत नामं. मुलीला 'चविष्ट पंचांग' आलं, ती सोफ्यावरून खाली घसरली. सासूबाईंना 'रसाळ तिजोरी'. त्या हसल्या नाहीत. चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि विचारलं, "हे कुणी लिहिलंय?" मी म्हटलं, "कुणीच नाही, आई. नुसत्या चिठ्ठ्या निघाल्या." "असू दे," म्हणाल्या. आज सकाळी देवघर पुसताना बघितलं, तर दोन्ही चिठ्ठ्या कुंकवाच्या करंड्याखाली नीट घडी घालून ठेवलेल्या.