दहावीत गणित राहिलंय, भावाला कुठला कोर्स घालावा? (खानापूर-बेळगाव)

खानापूरची_ताई:
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ १९ वर्षांचा, मराठी मीडियम, दहावीत गणित राहिलंय. सध्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत हेल्पर आहे, फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायला. बाबा म्हणतात चार पैसे येताहेत, राहू दे. मला वाटतं हातात सर्टिफिकेट पाहिजे. एक क्लासवाला दोन महिन्यांत सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, शिकवतो म्हणतोय, फी बक्कळ आहे. घालू काय?

उद्यमबाग_टर्नर:
आत्ता नको. दोन महिन्यांत ऑपरेटर होतोय, म्हणजे जॉब (घडवायचा तुकडा) चकमध्ये, मशीनच्या पकडीत, लावायचा, सायकल स्टार्ट दाबायचं, झाला की काढायचा. साइज ५० मायक्रॉननं हुकली की सेटरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याला, हाक! पैसा सेटरला आहे. त्याला ड्रॉइंग वाचता येतंय, मायक्रोमीटर धरता येतोय, मग तो मशीनला ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, देतोय. ते आयटीआयला टर्नर किंवा मशिनिस्ट करून अंगात मुरतं, २ वर्षं जातात. व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) बघता येतोय काय, आजच विचारा त्याला.

हलशीवाला:
टर्नरला दहावी पास लागते. आठवीवर वेल्डर मिळतो, १ वर्षाचा. पण मी म्हणतो आधी गणित काढा. बोर्ड आता वर्षात एकाहून जास्त वेळा परीक्षा घेतंय, तेवढाच पेपर द्यायचा. फॉर्मसाठी जुन्या हायस्कूलच्या हेडमास्तरांना भेटा. दहावी झाली की उद्यमबागेतच जीटीटीसी आहे, सरकारी टूलरूम आणि ट्रेनिंग सेंटर, तिथं टूल अँड डाय मेकिंगचा, म्हणजे साचे-हत्यारं बनवायचा, डिप्लोमा. मात्र शिकवणं इंग्रजीत, आपल्या पोरांना पहिलं वर्ष जड जातं. आयटीआय घेतलात तर केंद्र सरकारचं नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट मिळतंय काय ते बघूनच पैसे भरा. ते कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतही चालतं, गोव्यात वेर्ण्यालाही.

खानापूरची_ताई:
आणि कन्नड? बोलतोय बरं, वाचताना अडखळतोय.

उद्यमबाग_टर्नर:
वर्कशॉपात चकला सगळे चकच म्हणतात हो. भागतंय.

हल्याळची_अक्का:
स्वतःचं गॅरेज टाकायचं मनात असेल तर आमच्या हल्याळला कॅनरा बँक-देशपांडे आरसेटी आहे, गावाकडच्या पोरांना स्वतःचा धंदा शिकवणारी संस्था. वय १८ पूर्ण लागतं, राहणं-जेवण फुकट. नोकरीच हवी असेल तर टर्नरभाऊंचं ऐका. आणि बेळगावात रूमवर ठेवणार असाल तर भात-आमटी तरी शिकवून पाठवा, मेसवर पगार उडतोय पोरांचा. पगार त्याच्याच खात्यात येतोय ना? पीएफ कापत असतील तर यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर, मागून ठेवा.

खानापूरची_ताई:
रोख देतात, अक्का. पीएफचं विचारायला सांगते. सोमवारी हायस्कूलला जाऊन येते. मराठी मीडियमच्या गणिताच्या जुन्या प्रश्नपत्रिका कुणाकडं असतील तर टाका की इथं.