हेराल्ड मार्क ३ : ओव्हरड्राइव्हचं बटण कुठे बसवावं आणि गिअरच्या दांडीचं काय करावं?

हेराल्ड_मानेवाडा
नमस्कार मंडळी. घरी १९६८ ची स्टँडर्ड हेराल्ड मार्क ३ आहे, चार दरवाज्यांची. बाबांनी १९८१ मध्ये सेकंड हँड घेतली, तेव्हापासून घरातच आहे. इंजिन ९४८ सीसीचं, दोन वर्षांपूर्वी बोअर करून पिस्टन-रिंग टाकले, छान चालते. त्रास फक्त हायवेवर आहे. मी नंतर बसवलेला टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे मोजणारा) ८० च्या वेगाला मिनिटाला ३१०० फेरे दाखवतो. वर्ध्याला जाऊन आलो की संध्याकाळभर कान भणभणतात.

मामा इंग्लंडात असतात. त्यांनी ट्रायम्फ स्पिटफायर या इंग्रजी गाडीचा ओव्हरड्राइव्हवाला गिअरबॉक्स जहाजाने पाठवला. ओव्हरड्राइव्ह म्हणजे गिअरबॉक्सच्या मागचं जास्तीचं युनिट, ते लावलं की त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं. तीन आठवडे झाले, व्हरांड्यात पोत्यावर ठेवला आहे. दोन प्रश्न आहेत.

एक, ओव्हरड्राइव्हचं बटण कुठे द्यावं? गिअर नॉबवर, डॅशबोर्डवर की स्टिअरिंगजवळ?

दोन, गिअरची दांडी फार ढिली झाली आहे. चौथ्यात असतानाही चार बोटं इकडेतिकडे हलते आणि ६० च्या पुढे किरकिरते. दांडी बदलावी का?

गाडी बाबाही चालवतात. वय ७४, डावा खांदा जखडलेला. बजेट सगळं मिळून २५ हजार.

वर्धारोडवाला
गिअर नॉब. दुसरा विचारच करू नका. माझ्या एमजीबीला (इंग्रजी स्पोर्ट्स कार) नॉबवरच बटण आहे. दांडी पोकळ असते, वायर आतून जाते, अंगठ्याने दाबलं की काम झालं. मी लाकडी नॉब, पोकळ दांडी आणि शॉर्ट शिफ्ट किट (दांडीची हालचाल कमी करणारं) असं सगळं बाहेरून मागवलं. कस्टम ड्यूटी धरून ३२ हजार लागले, पण हात लावला की कळतं पैसे कुठे गेले ते. दांडीही आखूडच करा. मनगट हललं की गिअर पडला पाहिजे.

खराद_हिंगणा
भाऊ, बटन नंतर पाहू. ओव्हरड्राइव्हवाला डबा, म्हणजे गिअरबॉक्स, लांब असते, तुमचा प्रोपेलर शाफ्ट (डब्यातून मागच्या चाकांकडे फेरे नेणारा दांडा) बसणार नाही. आखूड करा लागते. मागचं माउंटिंगही वेगळं करा लागते. आधी डबा बसवा अन् मंग माप घ्या.

मी हे भोगलं आहे. एका दुकानातून शाफ्ट कापून वेल्डिंग करून आणला, बॅलन्सिंग केलं नाही. ६५ च्या वर गेलं का पायाखालचा पत्रा थरथरे. बुटीबोरीच्या अलीकडे शाफ्टच्या टोकाचा क्रॉस (सांधा) तुटला, शाफ्ट रस्त्यावर आपटला. दुकानदार म्हणे तुमची गाडीच जुनी आहे. बॅलन्सिंगची मशीन असलेल्याकडेच द्या, दोन पैसे जास्त गेले तरी.

मूळरूप_१९५६
मी कोणाचं मन दुखवत नाही, पण गाडी ५० वर्षांच्या वरची आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, मात्र मूळ स्वरूपात असली तरच. चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. गिअरबॉक्सचं माउंटिंग बदलायला चेसिसला हात लावला तर उद्या तपासणीत काय सांगणार? जुना डबा कंपनीचा आहे, तोच दुरुस्त करा.

वर्धारोडवाला
व्हिंटेज नोंदणी केली तर गाडी रोज चालवताच येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्याचसाठी रस्त्यावर काढायची. यांना वर्ध्याला जायचं आहे. साधी फेरनोंदणी करतील, दर पाच वर्षांनी होते.

मूळरूप_१९५६
आज वर्ध्याला जायचं आहे, उद्या मुलांना ती व्हिंटेज करायची असेल. कापलेला चेसिस परत जोडता येत नाही.

खराद_हिंगणा
चेसिस कापा लागतच नाही. मधात एक पट्टी करून बोल्टने माउंटिंग पकडता येते. बोल्ट काढले का जुना डबा परत बसते. जुना डबा अन् शाफ्ट फेकू नका म्हणजे झालं.

वायरिंग_सदर
ओव्हरड्राइव्ह लेकॉक कंपनीचा असणार. त्यात डी टाइप की जे टाइप, हे आधी पाहा, कारण वायरिंग त्यावर ठरतं. डी टाइपचा सोलेनॉइड (करंट दिला की दांडा आत ओढणारी कॉइल) मोठा असतो आणि बाजूच्या झाकणाखाली लिव्हर असते. तो ओढून घेताना १५ अँपिअरच्या वर करंट खातो, मग आतला संपर्क सुटतो आणि धरून ठेवायला एखादा अँपिअर पुरतो. एवढा झटका नॉबवरच्या चिमुकल्या बटणातून नेला तर बटण जळतं. मधे रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच) हवाच. जे टाइपचा सोलेनॉइड दोनेक अँपिअरवर चालतो, त्याला रिलेची गरज नाही.

बसवण्याआधी बेंचवर अँमीटर लावून तपासा. काटा वर जाऊन लगेच खाली यायला हवा. वरच राहिला तर सोलेनॉइडचा दांडा पूर्ण आत येत नाही, म्हणजे लिव्हरची सेटिंग चुकली आहे. तसाच चालवला तर कॉइल जळते. लिव्हरला आणि बॉडीला एकेक भोक असतं. सोलेनॉइड ओढलेला असताना ३/१६ इंचाची पिन दोन्हीतून सरळ गेली पाहिजे. मी माझ्या टेबलावर ड्रिलचा दांडा वापरून हे केलं, नट अर्धा आटा फिरवला आणि काटा लगेच खाली आला.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गिअरबॉक्सच्या वरच्या झाकणावरचा इन्हिबिटर स्विच. तिसऱ्या आणि चौथ्या गिअरशिवाय ओव्हरड्राइव्हला करंट मिळूच नये, हे त्याचं काम. ओव्हरड्राइव्ह चालू असताना रिव्हर्स टाकला तर आतला एकाच दिशेने फिरणारा क्लच फुटतो, मग डबा भंगारात. मामांनी पाठवलेल्या डब्यावर हा स्विच आहे का, पाहा. बटण कुठेही द्या, हा स्विच मात्र चालू हवा.

धंतोली_निवृत्त_चालक
मी सरकारी अँबेसिडर २२ वर्षं चालवली. स्टिअरिंगखालचा गिअर, समोरच्या सीटवर तिघे आरामात. आता जो तो खाली दांडी मागतो. लिंकेजचे बुश झिजले की दोन गिअर एकदम अडकायचे, एवढी एकच खोड. कामठी रोडवर भर दुपारी बॉनेट उघडून पाना घालून लिव्हर मोकळी केली आहे, मागे साहेब बसलेले. तरी मला तोच गिअर आवडतो. हेराल्डला स्टिअरिंगखाली गिअर करता येत नाही का? वडिलांच्या खांद्यालाही बरं पडेल.

खराद_हिंगणा
काका, हेराल्डच्या डब्याची दांडी सरळ वरून येते. कॉलमला नेणं म्हणजे सगळंच नवीन करा लागते. नाही जमत.

धंतोली_निवृत्त_चालक
जमवायचं म्हटलं तर सगळं जमतं. आमच्या वर्कशॉपमधले फिटर जमवायचे.

समृद्धीप्रवासी
ओव्हरड्राइव्ह लागला की समृद्धीवर काढा! शिवमडक्यावरून चढलं की सरळ रस्ता. माझ्या मित्राची पद्मिनी तिथे १०० ने जाते.

वायरिंग_सदर
कारला १२० ची मर्यादा आहे, म्हणजे बाकी सगळे त्या वेगाने येतात. उन्हाळ्यात तिथलं काँक्रीट तव्यासारखं तापतं. ड्रम ब्रेक आणि जुन्या टायरवर तिथे जाऊ नका. ओव्हरड्राइव्हने आवाज कमी होतो, गाडी नवी होत नाही.

हेराल्ड_मानेवाडा
सगळ्यांचे आभार. झाकण काढलं. मोठा सोलेनॉइड आणि लिव्हर आहे, म्हणजे डी टाइप. वरच्या झाकणावर इन्हिबिटर आहे, मात्र त्याच्या दोन्ही वायर कापलेल्या आहेत. मल्टिमीटर लावला. तिसऱ्या-चौथ्यात लागतो, बाकी कुठेच लागत नाही. फार बरं वाटलं. आता दांडीचं सांगा.

खराद_हिंगणा
दांडी बदलू नका, बुश बदला. बुडाशी नायलॉनची वाटी असते, कपलिंगला बुश असतात. ५० वर्षांत ते कडक होऊन फुटतात. हेराल्डचा एक फायदा आहे, मधला टनेलचा खोका गाडीच्या आतूनच निघते, डबाही आतूनच बाहेर येते. पिटवर गाडी चढवा लागत नाही. वाटी माझ्याकडे आणा, नायलॉनचा रॉड खरादून देतो. ३०० रुपये. माझ्या ओळखीच्याच्या हेराल्डची अर्धा तासात किरकिर बंद झाली.

वर्धारोडवाला
बुश बदलाच, पण दांडी आखूड करायला विसरू नका. नॉबवर बटण, आखूड दांडी. एकदा चालवून पाहा, परत मागे जाणार नाही.

तेलवाला_पारडी
तेल कोणतं टाकणार? मी माझ्या डब्यात मॉलिब्डेनमची बाटली टाकतो, गिअर लोण्यासारखे पडतात.

वायरिंग_सदर
ओव्हरड्राइव्हमध्ये हे अजिबात नको! गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह दोघांना तेल एकच असतं. आतला कोन क्लच घर्षणावर धरतो, गुळगुळीत करणारं काहीही टाकलं की तो सरकतो. साधं जीएल-४ प्रतीचं गिअर ऑइल टाका, जीएल-५ गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंग खातं. पहिल्यांदा भरल्यावर दोन-चार किलोमीटर चालवा आणि परत लेव्हल पाहा, ओव्हरड्राइव्ह आपल्या वाट्याचं तेल ओढतो. खालची जाळी धुवून घ्या.

तेलवाला_पारडी
माझ्या जीपला दहा वर्षं काही झालं नाही.

वायरिंग_सदर
तुमच्या जीपला लेकॉक नाही.

हेराल्ड_मानेवाडा
काम झालं, म्हणून कळवतो. वर्धारोडवाल्यांनी नॉब आणि आखूड दांडी सुचवली होती. मी दोन्ही केलं नाही.

बाबांना गॅरेजमध्ये उभ्या गाडीत बसवलं आणि जुन्याच दांडीने गिअर टाकायला सांगितले. पहिला, दुसरा जमला. रिव्हर्सला खांदा उचलावा लागला, चेहऱ्यावर दुखणं दिसलं. आखूड दांडी म्हणजे जास्त जोर. मी उलट केलं, दांडी दोन इंच वाढवली आणि वरचा भाग किंचित ड्रायव्हरकडे वाकवला. खराद भाऊंकडून नायलॉनची वाटी आणि बुश घेतले, दांडीही त्यांनीच वेल्ड केली. आता बाबांना कोपर टेकवूनच रिव्हर्स पडतो.

बटण स्टिअरिंग कॉलमला, उजव्या बाजूला दिलं. बाबांचा उजवा हात चांगला आहे, हात चाकावरून न काढता बोटाने बटण खाली ढकललं की ओव्हरड्राइव्ह लागतो. ट्रायम्फनेही नॉबवर जायच्या आधी कॉलमवरच दिलं होतं. रिले फायरवॉलवर, स्वतंत्र फ्यूज आणि डॅशवर हिरवा दिवा. मूळरूप साहेब, चेसिसला एकही भोक पाडलं नाही. जुना डबा आणि शाफ्ट तेल लावून माळ्यावर ठेवले आहेत. खर्च २३ हजार ४००, त्यातला निम्म्याहून जास्त शाफ्ट आणि बॅलन्सिंगचा.

रविवारी वर्ध्याला गेलो. ८० ला ओव्हरड्राइव्ह टाकला, काटा २५०० च्या जरा खाली आला. बाबा काही बोलले नाहीत, खिडकीची काच खाली केली आणि पहिल्यांदाच हायवेवर रेडिओ लावायला सांगितला.

वर्धारोडवाला
अभिनंदन. पण नॉबवर जास्त छान दिसलं असतं.

खराद_हिंगणा
५०० किलोमीटर झाले का शाफ्टचे बोल्ट एकदा टाइट करून घ्या भाऊ. विसरू नका.